उतारावरचं वीजघर

‘स्वदेस’मधला विजेचा प्रसंग बहुतेकांना एका चेहऱ्यामुळे आठवतो. बल्ब हळूहळू उजळतो, तो उजेड एका म्हातारीच्या सुरकुत्यांवर पसरतो आणि ती विजेचं नुसतं नाव घेते. महेश अणे यांचा कॅमेरा तिथून हलायची घाई करत नाही. या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो या एका चेहऱ्यासाठी दिला असता तरी कुणी हरकत घेतली नसती. पण प्रसंगाची खरी कारागिरी चेहऱ्याच्या आधी आहे. टाकी, पाइप, खाली फिरणारं चाक, खांबावरून घरात गेलेली तार हे सगळं दिग्दर्शकानं आपल्याला क्रमानं दाखवलेलं असतं. बल्ब पेटतो तेव्हा तो का पेटला हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. आपल्या चित्रपटांत वीज एक तर येते नाहीतर जाते. ती तयार होताना दिसते असा लोकप्रिय चित्रपट मला दुसरा पटकन आठवत नाही.

१७ डिसेंबर २००४ ला ‘स्वदेस’ प्रदर्शित झाला. तिकीटबारीवर फारसा चालला नाही. नंतर मात्र तो घराघरांत मुरत गेला. आमच्या निर्ण्यासारख्या गावांत तो टीव्हीवर आणि पुढे मोबाइलवर पाहिला गेला. निर्णा बिदर जिल्ह्यात. इथं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दख्खनी चालते. इथल्या प्रेक्षकाला या चित्रपटात एक गंमत आपोआप दिसते. गोष्टीतलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं. चित्रीकरण झालं साताऱ्यात, वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्याच्या आणि घाटाच्या गावी. नायक मोहनला लहानपणी सांभाळणारी बाई कावेरी अम्मा, आणि ती भूमिका केली कन्नड अभिनेत्री किशोरी बल्लाळ यांनी. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई, नायिका नागपूरची गायत्री जोशी. म्हणजे उत्तरेतलं गाव कृष्णेकाठी वसलं आणि त्यात कावेरी राहायला आली. सीमाभागातल्या माणसाला असली सरमिसळ नवी नाही.

मात्र ही सरमिसळ नुसती गमतीची नाही. चित्रपटातलं वीजघर चालतं ते तिच्यामुळेच, हे पुढे येईल.

आधी पाण्याचा धागा पाहू. मोहन भार्गव नासात काय करतो? तो पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाच्या प्रकल्पाचा प्रमुख आहे. हा प्रकल्प काल्पनिक नव्हे. ‘ग्लोबल प्रेसिपिटेशन मेजरमेंट’ नावाचा खरा उपग्रह २७ फेब्रुवारी २०१४ ला जपानच्या तानेगाशिमा बेटावरून उडाला, चित्रपटानंतर नऊ वर्षांनी. पटकथेला नायक नासातलाच हवा होता तर त्याला अग्निबाणावर किंवा मंगळावर लावता आलं असतं. त्याला पावसावर लावलं. सगळ्या पृथ्वीवर किती पाणी पडतं याचा हिशेब ठेवणारा हा माणूस गावी येतो तो भाड्याची मोठी गाडी घेऊन, आणि पिण्याचं पाणी बाटलीतलं. गावात राहूनही तो गावचं पाणी पीत नाही. पटकथा यावर कुणाच्या तोंडी टोमणा घालत नाही, बाटली फक्त पुन्हापुन्हा दिसत राहते.

मग हरिदासकडची भेट. जातीचा विणकामाचा धंदा सोडून दुसऱ्याच्या जमिनीवर शेती करायला निघालेला हा माणूस, नायिका गीताच्या जमिनीचा खंड त्याच्याकडे थकलेला. मोहन वसुलीला जातो आणि काही न मागता परत फिरतो. परतीच्या गाडीत एका स्टेशनवर एक पोरगा मातीच्या भांड्यातून पाणी विकत असतो, पंचवीस पैशांना. मोहन ते पाणी घेतो आणि पितो. शाहरुख खानच्या कारकिर्दीतल्या उत्तम क्षणांपैकी हा एक, आणि त्यात तो जवळजवळ काहीच करत नाही. पाऊस मोजणारा माणूस पहिल्यांदा जमिनीवरचं पाणी पितो, आणि तेही विकत, एका पोराकडून. यानंतर त्याच्या हातात बाटली राहणं शक्यच नव्हतं. मोहनचं गावाकडे वळणं समजावून सांगायला लेखकाला भाषण लिहावं लागलं नाही. पुढे जी भाषणं लिहिली, पंचांसमोरची, ती मला या भांड्यापुढे फिकी वाटतात.

आणि मग डोंगरावरचं पाणी, ज्यावर मोहन गावकऱ्यांना घेऊन वीजघर उभं करतो. उपग्रह, बाटली, मातीचं भांडं, झरा, टाकी, पाइप, चाक. चित्रपट तीन तासांहून मोठा आहे आणि लांबला अशी त्याच्याबद्दलची जुनी तक्रार आहे. पण ही पाण्याची ओळ धरून पाहिलं तर लांबीतला बराच भाग कामाचा निघतो. म्हातारीच्या चेहऱ्यावर जे उजळतं ते खरं तर दोन तास डोंगर उतरत आलेलं पाणी असतं.

त्याआधीचा पडद्याचा प्रसंगही इथंच जोडून पाहायला हवा. गावात ‘यादों की बारात’ दाखवतात. पडद्याच्या पुढच्या बाजूला मानाची माणसं, मागच्या बाजूला बाकीची. त्यांना उलटं चित्र. मध्येच वीज जाते. चरणपूरला खांब आहेत, तारा आहेत, मीटरही असणार. नाही तो भरवसा. अंधारात मोहन आकाशातले तारे दाखवतो आणि मधला पडदा काढून टाकतो. या प्रसंगातल्या गाण्यासाठी उदित नारायणना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रहमानची चाल पोरांच्या खेळासारखी उड्या मारत जाते. पण वीज जाते म्हणून गाव एक होतं हे लक्षात घेतलं की पुढची अडचण दिसते: वीज परत आली की पडदा परत लागणार. म्हणून गावाची स्वतःची वीज हवी, आणि ती सगळ्यांनी मिळून खोदलेली हवी. पटकथेचं हे गणित बिनचूक आहे. वीजघराच्या कामात पडद्याच्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच चरात उतरतात.

आता निर्ण्यातला प्रेक्षक. आमच्याकडचे एक शेतकरी मामा हा भाग पाहून झाल्यावर म्हणाले, “सर, त्येंचं पाणी वर हाय म्हणून जमलं बगा. आपलं पाणी तीनशे फूट खाली.” या चित्रपटाच्या एवढ्या परीक्षणांत मी हा मुद्दा वाचलेला नाही, आणि तो अगदी नेमका आहे.

पाण्यापासून वीज करायची तर दोनच गोष्टी लागतात: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं. सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर खाली आलं की पावणेदहा वॅटच्या आसपास ताकद मिळते. चाकात, जनित्रात थोडी वाया जाते. दहा मीटरच्या उतारावर एक किलोवॅट हवी असेल तर सेकंदाला पंधरा-सतरा लिटर पाणी सारखं वाहतं हवं. निर्ण्याच्या शिवारात हे गणित उलटं चालतं. विहिरी आटल्या तशा बोअर आल्या, बोअर खोल गेल्या तशा मोटारी मोठ्या झाल्या. पाच एचपीची मोटार म्हणजे पावणेचार किलोवॅट. ती शंभर मीटर खालून सेकंदाला दीड लिटर पाणी आणते तेव्हा ते उसाला, आल्याला मिळतं. चरणपूरला पाणी खाली येऊन वीज देतं. आमच्याकडे वीज खाली जाऊन पाणी आणते. यंत्र तेच, फिरणं उलटं.

या उलट्या फिरण्याचं चित्र कुठल्या सिनेमात दिसत नाही, म्हणून इथं सांगतो. शेतातल्या पंपाला थ्री फेज लाईट दिवसाला ठरावीक तास. गावाची लाईन आणि शेताची लाईन कर्नाटकात ‘निरंतर ज्योती’ योजनेनं वेगळी केली, त्यामुळे घरात दिवा असतो आणि शेतात नसतो. पाळी रात्रीची असली की पूर्वी माणूस बॅटरी घेऊन बांधावर बसायचा. आता स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. मध्यरात्री कधीतरी पेटीतून खट् आवाज येतो, रिले बसतो, मोटार घरघरते आणि थोड्या वेळानं पाइपाच्या तोंडाशी आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी येतं. पलीकडच्या शेतातूनही तोच खट्. मग त्याच्या पलीकडून. एका टीसीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, मोटारी जास्त झाल्या की व्होल्टेज पडतं, एखादी वाइंडिंग जळते. जळकी मोटार ट्रॅक्टरवर टाकून हुमनाबादला न्यायची आणि पाणी तोडलेल्या पिकाकडे दोन दिवस बघायचं नाही. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला कर्नाटकात बिल नाही, त्यामुळे युनिटांचा हिशेब कुणी ठेवत नाही. हिशेब तासांचा असतो.

आता पुन्हा त्या सरमिसळीकडे. बिदरचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. कोयनेचं शिवसागर भरतं तेव्हा त्याची पातळी सुमारे ६५९ मीटर असते. म्हणजे आमचं शिवार आणि कोयनेचं तळं उंचीनं शेजारी. फरक एवढाच की कोयनेच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा तुटतो आणि पाणी बोगद्यातून पाचशे मीटरच्या आसपास एकदम खाली कोकणात टाकता येतं. आमच्या पूर्वेला पठार शेकडो मैल कलत कलत जातं. उंची आहे, उतार नाही. गोवारीकरांनी चरणपूर वाईजवळ वसवलं तेव्हा गोष्टीतल्या उत्तर प्रदेशाला साताऱ्याचा उतार उसना मिळाला. मेणवलीच्या मागे सह्याद्रीच्या रांगा दिसतात म्हणून डोंगरावर पाणी असेल यावर आपला विश्वास बसतो. हेच गाव निर्ण्याच्या शिवारात उभं केलं असतं तर मोहनला पटकथा अर्ध्यावर सोडून परत जावं लागलं असतं.

उताराच्या नशिबाची सगळ्यात ठळक गोष्ट नॉर्वेची. तिथल्या विजेच्या दहा भागांपैकी नऊ भाग पाण्यातून येतात. पश्चिमेकडून ढग येतात, उंच पठारावर पाऊस आणि बर्फ टाकतात, आणि पठार संपतं तिथं खाली समुद्राची अरुंद खाडी. क्विलडाल हे त्यांचं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र १,२४० मेगावॅटचं आणि डोंगराच्या पोटात आहे. १९११ मध्ये र्‍युकानच्या धबधब्यावर व्हेमोर्कचं वीजघर सुरू झालं तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं होतं, आणि त्या विजेवर खत तयार व्हायचं. धबधबा पिशवीत भरून शेतकऱ्याला विकला म्हणा ना. आज तिथं माणशी वर्षाला वीस हजारांहून जास्त युनिटं वीज वापरली जाते. भारतात चौदाशेच्या आसपास.

त्यांचा शेजारी डेन्मार्क मात्र आमच्या जातीचा. सगळ्यात उंच टेकडी १७१ मीटरचीसुद्धा नाही. त्यांनी वाऱ्याला धरलं, आणि आज त्यांची निम्म्याहून जास्त वीज पवनचक्क्या देतात. वारा रात्री जास्त झाला तर? १९७० च्या दशकातच समुद्राखालून दोन्ही देशांमध्ये तारा टाकल्या गेल्या. डेन्मार्कला वारा उरला की वीज नॉर्वेला जाते, नॉर्वे तेवढा वेळ आपलं पाणी तळ्यात धरून ठेवतं. वारा पडला की तळं सोडतं. सपाट देश आणि उताराचा देश यांचा हा व्यवहार. चरणपूर आणि निर्णा यांच्यात अशी तार असती तर मामांना बरं वाटलं असतं.

तशी तार खरं तर आहे, फक्त ती कुणाच्या नजरेत भरत नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात बुडाला तेव्हा दक्षिण वाचली, कारण दक्षिणेचं जाळं बाकी देशाशी एका लयीत जोडलेलं नव्हतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि देशाचं जाळं एक झालं. ही लाईन आमच्याच सीमाभागातून जाते. तिच्या दोन्ही टोकांना कोळसा: शक्तिनगरला रायचूरचं १,७२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, सोलापूरला एनटीपीसीचं १,३२० मेगावॅटचं. मामांच्या मोटारीत रात्री येणारा करंट यातला कुठला, की शरावतीचा, की कैग्याच्या अणुभट्टीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. जाळ्यात शिरलेल्या विजेला गाव उरत नाही. ‘स्वदेस’ला नेमकं हेच नको आहे. त्याला अशी वीज हवी आहे जिच्या उगमापर्यंत चालत जाता येतं.

या हट्टाचं मला कौतुकही वाटतं आणि शंकाही. कौतुक यासाठी की चालत जाता आलं तरच गोष्ट सांगता येते. ७६५ केव्हीच्या लाईनवर चेहरा उजळत नाही. शंका यासाठी की चरणपूरच्या खांबांवर वीज का नसते हा प्रश्न चित्रपट पुसून टाकतो. वीज मंडळ, तालुक्याचं उपकेंद्र, जळालेला ट्रान्सफॉर्मर, त्यासाठी घातलेले खेटे, यांतलं काहीच पडद्यावर नाही. ज्याच्याकडे नासाची नोकरी आणि डोंगर दोन्ही आहेत त्याला मंडळाच्या दारात उभं राहायची गरज नसते. बाकीच्यांना असते.

चित्रपटाच्या मागे एक खरं गाव आहे असं सांगितलं जातं, आणि ते महाराष्ट्रातलंच: नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातलं बिलगाव. सातपुड्यातलं आदिवासी गाव, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या काठी. तिथं धबधबा आहे. अनिल कुमार आणि मधुसूदनन हे केरळमधले दोन तरुण अभियंते, त्यांची ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’, नर्मदा बचाओ आंदोलन, आणि अमेरिकेतल्या भारतीयांची ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ ही संस्था यांनी गावकऱ्यांच्या श्रमदानातून तिथं वीजघर उभं केलं. जानेवारी २००३ मध्ये ते सुरू झालं. या अमेरिकेतल्या संस्थेचे संस्थापक रवी कुचिमंची आणि त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्लालमर्री यांच्या कामातून मोहनचं पात्र सुचलं असं म्हणतात. बिलगावच्या आधी याच अभियंत्यांनी डोमखेडीला काहीशे वॅटचा छोटा प्रयोग केला होता.

बिलगावची क्षमता होती १५ किलोवॅट. आमच्या हिशेबानं पाच एचपीच्या मोजून चार मोटारी. एका टीसीवर निर्ण्यात याहून जास्त मोटारी सहज असतात. पण तेवढ्यात वाड्यावस्त्यांवरचे दिवे लागले, आश्रमशाळेसारख्या चालणाऱ्या जीवनशाळेत उजेड आला. दिव्याची भूक किती लहान असते आणि पाण्याची किती मोठी, हे या एका आकड्यात दिसतं. ‘स्वदेस’ने दिव्यापाशी थांबण्यात शहाणपणा केला. म्हातारीनं बल्बऐवजी मोटार मागितली असती तर डोंगरावरची टाकी तासाभरात कोरडी पडली असती.

बिलगावच्या गोष्टीचा पुढचा भाग चित्रपटात नाही, असणं शक्यही नव्हतं, कारण तो चित्रपटानंतर घडला. बिलगाव सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या टप्प्यात. २००६ मध्ये धरणाची उंची १२१.९२ मीटरपर्यंत नेली गेली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पाणी वीजघरावर चढलं. गावानं हातांनी बांधलेलं वीजघर दुसऱ्या वीजघरासाठी अडवलेल्या पाण्यानं मोडलं. सरदार सरोवराची क्षमता १,४५० मेगावॅट, म्हणजे बिलगावच्या ९६ हजार पटींहून जास्त. त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा, आणि त्यासाठी महाराष्ट्रातली ३३ गावं बुडीत क्षेत्रात गेली, सगळी नंदुरबारची.

हे कळल्यावर चित्रपटातला वीजघराचा भाग पुन्हा पाहिला तर एक गोष्ट टोचते. चरणपूरच्या खाली कुणी नाही. डोंगर कुणाचा, झऱ्यावर आधी कुणाचा हक्क, पाणी वळवल्यावर खालच्या गावाला काय उरतं, असलं काही विचारणारं पात्रच पटकथेत नाही. जात, शिक्षण, बायकांचं काम यांवर इतकं बारकाईनं लिहिणाऱ्या चित्रपटात पाण्याचा मालकीहक्क मात्र हवेतून आल्यासारखा आहे. छोट्या प्रकल्पाला हे चालून जातं असं कुणी म्हणेल. मोठ्याला चालत नाही. मराठी वाचकाला त्यासाठी नर्मदेपर्यंत जायला नको. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून चाललेला सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह मुंबईच्या विजेसाठीच बुडालेल्या गावांचा होता. आणि नॉर्वेसारख्या उताराच्या देशातही हे सुटलं नाही. उत्तरेत आल्टा नदीवर धरण ठरलं तेव्हा तिथले रेनडिअर पाळणारे सामी लोक १९७९ मध्ये ऑस्लोला संसदेसमोर उपोषणाला बसले. मूळ आराखड्यात मासे नावाचं त्यांचं गावच बुडणार होतं. विरोधामुळे आराखडा लहान झाला, गाव वाचलं. जानेवारी १९८१ मध्ये रस्त्यावर बसलेल्यांना उचलायला शेकडो पोलीस गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला, १९८७ मध्ये केंद्र सुरू झालं. पण त्या भांडणातून १९८९ मध्ये सामींची स्वतःची निवडून दिलेली संसद उभी राहिली. १५० मेगावॅट एकीकडे, संसद दुसरीकडे. बिलगावच्या वाट्याला असं काही आलं नाही.

नॉर्वे आणि कोयना यांची गाठ मात्र पडली, आणि ती पडद्यावर यावी अशीच होती. कोयनेचा चौथा टप्पा बांधताना भरलेल्या तळ्यातून नवी वाट काढायची होती. तळं रिकामं करायचं तर महाराष्ट्राची वीज बंद. नॉर्वेत शेकडो वेळा वापरलेली युक्ती इथं आणली. तळ्याच्या तळाखालून बोगदा खणत न्यायचा, वर काही मीटर खडकाचं बूच ठेवायचं, त्यात सुरुंग भरायचे आणि एकाच स्फोटात ते उडवायचं. खडकाचा चुरा पडायला आधीच खाली खड्डा करून ठेवलेला असतो. पाणी त्यावरून बोगद्यात शिरतं. १३ मार्च १९९९ ला हे झालं, आशियातलं पहिलं; एप्रिल २०१२ मध्ये पुन्हा एकदा. तळ्याचा ढवळलेला पृष्ठभाग सोडला तर बाहेरून काहीच दिसलं नसणार. या कामावर एखाद्या गोवारीकरांनी चित्रपट काढावा असं मला वाटतं, पण त्यात म्हातारी कुठं बसवायची हा प्रश्न पडेल. कोयनेचे १,९६० मेगावॅट कुणा एकाच्या चेहऱ्यावर पडत नाहीत. शिवाय ते पाणी कृष्णेचं. पाणीवाटपाच्या लवादानं कोयनेतून पश्चिमेला वळवायला साडेसदुसष्ट टीएमसी ठरवून दिलं. तेवढं पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरतं आणि कर्नाटकात येणाऱ्या कृष्णेत कधीच दिसत नाही. मेणवलीच्या घाटाखालून वाहणारं मात्र कऱ्हाडला कोयनेला मिळून पुढे रायचूरपर्यंत जातं आणि शक्तिनगरच्या कोळशाच्या केंद्राला गारवा देतं.

चित्रपटाच्या शेवटाबद्दल थोडक्यात. उपग्रह सोडून मोहन परत येतो, गावच्या आखाड्यात पोस्टमास्तरशी कुस्ती खेळतो. वीजघराकडे कॅमेरा फिरकत नाही. मला इथं एक दृश्य हवं होतं. पावसाळ्यानंतर टाकीत गाळ साचलेला, आणि कुणीतरी, बहुधा मोहनचा गावातला दोस्त मेलाराम, फावडं घेऊन आत उतरलेला. वीजघर बांधणं ही तीन महिन्यांची गोष्ट, गाळ काढणं कायमचं. पण असल्या दृश्यानं प्रेक्षक घरी जात नाही हेही खरं.

आज मोहन निर्ण्यात आला असता तर त्यानं डोंगर शोधला नसता. इथं ऊन भरपूर. एक किलोवॅटची सौरपट्टी वर्षाला सुमारे दीड हजार युनिटं देते, बर्गेनसारख्या ढगाळ गावात याच्या निम्म्याच्या आसपास. उन्हाला उतार लागत नाही, सपाट शिवार उलट सोयीचं. पण पटकथेच्या दृष्टीनं घोळ होतो. कंत्राटदाराची गाडी येते, दोन माणसं चौकटी रोवतात, पट्ट्या बोल्टनं बसवतात, तारा जोडतात आणि दुसऱ्या दिवशी निघून जातात. श्रमदानाला जागा नाही, सगळ्या जातींनी उतरायला चर नाही. गोवारीकरांच्या वीजघराचं सौंदर्य त्या चरात होतं, पाण्यानं फक्त निमित्त पुरवलं. सौरपंपावर तो प्रसंग उभाच राहणार नाही.

मामांना हे सांगितलं. त्यांना प्रसंगाशी देणंघेणं नव्हतं. म्हणाले, “सर, ते दिवसा चालतंय न्हवं? मग रात्री साप-किरडू बघत शेतात जायचं टळलं. पिक्चरचं पिक्चरवाले बघतील.”